मुळशीची वीज, गिरणीचे माग आणि ना. म. जोशी

पगार वाढला की मशीन येणार, ही भीती आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत हाच वाद पेटला होता. तेव्हा एका कोकणी शाळामास्तराने दोन्ही बाजूंचं ऐकून घेत कामगारांसाठी कायद्याची वाट धरली.

हिंजवडीतल्या फूड कोर्टात हल्ली तुम्ही एकाही माणसाशी न बोलता पोटभर जेवून उठू शकता. टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, मोबाइलवरून पैसे भरायचे, स्क्रीनवर आपला नंबर झळकला की ट्रे उचलायचा. मोठ्या चेनच्या दुकानात तर ऑर्डर घ्यायला उंच टच स्क्रीन उभीच असते. तिला भूक लागत नाही, ती सुटी मागत नाही आणि गावच्या जत्रेला जायचंय असंही म्हणत नाही.

तुमच्यापैकी काही जण काउंटरच्या त्या बाजूला उभे असतात. सकाळी कॉलेज, संध्याकाळी कॅफेत किंवा कपड्यांच्या शोरूममध्ये पार्ट टाइम. पिरंगुट, भूगाव, बावधन, हिंजवडी या पट्ट्यात अशी मुलं-मुली कमी नाहीत. त्यांनी पगारवाढीचा विषय काढला की एक उत्तर हमखास ऐकू येतं. पगार वाढवला तर परवडणार नाही, मग माणसं कमी करू आणि मशीन लावू. सरकारने किमान वेतन वाढवलं की हेच उत्तर वर्तमानपत्रांतही छापून येतं.

या उत्तरात थोडं तथ्य आहे आणि थोडी धमकीही. यातलं तथ्य किती आणि धमकी किती, हे वेगळं करण्यात ज्या माणसाचं अख्खं आयुष्य गेलं, त्याच्या नावाचा रस्ता तुम्ही मुंबईत पाहिला असेल. लोअर परळ स्टेशनच्या पूर्वेला ना. म. जोशी मार्ग आहे, म्हणजे जुना डिलाईल रोड. बीडीडी चाळींच्या बातम्यांत हे नाव सारखं येतं. पण नारायण मल्हार जोशी कोण होते, हे विचारलं तर आपल्यातले बरेच जण गप्प बसतील.

घाट उतरला की त्यांचं गाव

पौडवरून मुळशी धरणाच्या कडेकडेने जाणारा रस्ता पुढे ताम्हिणी घाट उतरतो आणि माणगावला पोचतो, हे पावसाळ्यात बाइक काढणाऱ्यांना सांगायला नको. माणगावच्या पुढे, लोणेऱ्याच्या विद्यापीठाजवळ गोरेगाव आहे. मुंबईतलं नव्हे, रायगड जिल्ह्यातलं. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. 5 जून 1879 रोजी नारायण मल्हार जोशी यांचा जन्म इथे झाला.

शिक्षण पुण्यात. डेक्कन कॉलेजातून 1901 साली ते पदवीधर झाले आणि पुढची काही वर्षं वेगवेगळ्या गावांत शाळामास्तर म्हणून त्यांनी काढली. त्या काळी बी.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी किंवा वकिली सहज मिळाली असती. 1909 साली मात्र जोशी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. पुण्यात 1905 साली सुरू झालेल्या या संस्थेत गेलं की जन्मभर सार्वजनिक काम करायचं आणि संस्था देईल तेवढ्या मानधनात घर चालवायचं, असा शिरस्ता होता. कमी पैशात घर चालवणं म्हणजे काय, ते जोशींना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तिथून ते मुंबईच्या गिरणगावात गेले. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं राहायची. कोकणातून, घाटावरून, आपल्या मावळ-मुळशीतूनही माणसं पोटासाठी मुंबई गाठत होती. जोशींनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असं काम सुरू झालं. सुरुवात भाषणांनी झाली नाही, हे इथे लक्षात घ्या. हा माणूस आधी दहा वर्षं चाळींमध्ये हिंडला. घरात किती पैसे येतात, सावकाराकडे किती जातात, आजारपणात काय होतं, हे त्याने जवळून पाहिलं. पुढे आयुष्यभर आकड्यांवर बोलण्याची जी सवय त्यांना लागली, तिचं मूळ या चाळींत असणार.

मुळशीचं पाणी, मुंबईचे माग

त्याच सुमारास घाटावर वेगळंच नाट्य घडत होतं. मुंबईच्या गिरण्या कोळशावर आणि वाफेवर चालत. वीज स्वस्त पडेल, म्हणून टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर धरणं बांधायला घेतली. आधी खोपोली, मग भिवपुरी आणि त्यानंतर मुळशी. मुळा नदी अडवायची, पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला सोडायचं, तिथे वीज करायची आणि तारांनी मुंबईला न्यायची, अशी योजना होती. यात मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं बाधित होणार होती. 1921 साली रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. या लढ्याने पांडुरंग महादेव बापटांना सेनापती ही पदवी दिली. लढा तीन वर्षं चालला आणि हरला. धरण झालं, भिऱ्याचं वीज केंद्र 1927 साली सुरू झालं.

म्हणजे बघा, मुळशीच्या शेतकऱ्याची भातखाचरं पाण्याखाली गेली, ते पाणी जोशींच्या मुलखात कोसळलं आणि त्याची वीज ज्या गिरण्यांकडे गेली, त्यांतल्या कामगारांसाठी जोशी भांडत होते. नव्या तंत्राची किंमत कोण मोजतं आणि फायदा कोणाला होतो, हा प्रश्न एकाच तारेच्या दोन्ही टोकांना उभा होता. बापटांनी तो जमिनीच्या बाजूने विचारला. जोशींनी विचारला तो पगाराच्या बाजूने.

वॉशिंग्टनला गेलेला कोकणी माणूस

पहिलं महायुद्ध संपल्यावर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आजची आयएलओ, स्थापन झाली. तिची पहिली परिषद 1919 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना पाठवलं. परिषदेने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास कामाचा नियम केला. भारतासाठी मात्र खास सवलत म्हणून आठवड्याला 60 तास ठरले. साठ तास ही सवलत वाटावी, यावरून आपल्या गिरण्यांत तेव्हा काय चाललं होतं याची कल्पना येते. 1922 च्या सुधारित फॅक्टरी कायद्यात हे साठ तास आले.

परत आल्यावर एक अडचण उघडी पडली. देशभरातल्या कामगारांची एकत्र संघटनाच नव्हती. मग त्यांचा प्रतिनिधी कोण ठरवणार? 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत आयटक म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, त्यामागे हेही एक कारण होतं. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष झाले. जोशी संस्थापकांपैकी एक होते आणि पुढे बरीच वर्षं सरचिटणीस.

1921 मध्ये ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नेमलेले सभासद म्हणून गेले आणि जवळजवळ स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत तिथे राहिले. मद्रासमध्ये युनियन चालवल्याबद्दल बी. पी. वाडियांना गिरणी कंपनीने कोर्टात खेचलं होतं. म्हणजे कामगारांनी एकत्र येणं हाच गुन्हा ठरत होता. जोशींनी 1921 मध्येच कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण द्यावं असा ठराव मांडला. कायदा झाला 1926 मध्ये. बाळंतपणाच्या रजेत बाईला पैसे मिळावेत म्हणून त्यांनी 1924 मध्ये विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. पाच वर्षांनी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. हरलेलं विधेयकही वाया जात नाही, हे त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा दिसतं.

साडेअकरा टक्क्यांचा हिशेब

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ.

1925 साली मुंबईचे गिरणीमालक अडचणीत होते, हे खोटं नव्हतं. युद्धकाळातली तेजी संपली होती, जपानी कापड स्वस्तात येत होतं. मालकांनी सप्टेंबरमध्ये महागाईच्या भत्त्यात साडेअकरा टक्के कपात केली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. घरी चूल पेटायची पंचाईत झाली. जोशींनी मदतीचं काम हाती घेतलं, परदेशातल्या कामगार संघटनांकडूनही पैसे आले.

या संपाचा शेवट मोठा बोलका आहे. गिरण्यांच्या कापडावर इंग्रज सरकार साडेतीन टक्के अबकारी कर लावत असे. लँकेशायरच्या कापडाला त्रास होऊ नये, म्हणून लावलेला हा कर होता. सरकारने डिसेंबरमध्ये तो स्थगित केला आणि मालकांनी कपात मागे घेतली.

म्हणजे मालकाला परवडत नाही, याचं उत्तर दर वेळी कामगाराच्या पाकिटातच शोधावं लागत नाही. खर्चात कच्चा माल असतो, कर असतो, व्याज असतं, व्यवस्थापनाचा गलथानपणाही असतो. आजच्या भाषेत सांगायचं तर कॅफेच्या हिशेबात जागेचं भाडं असतं, ऑनलाइन ऑर्डर आणून देणाऱ्या ॲपचं कमिशन असतं, ब्रँडची रॉयल्टी असते. या सगळ्यांशी घासाघीस करणं अवघड असतं. वेटरशी सोपं असतं. म्हणून पहिली कात्री तिथे लागते.

या संपातून 1926 च्या जानेवारीत मुंबई टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली आणि जोशी तिचे अध्यक्ष झाले.

दोन माग की तीन?

पगार कापता आला नाही, तेव्हा दुसरा मार्ग निघाला. त्याला इंग्रजीत रॅशनलायझेशन असं भारदस्त नाव होतं. तेव्हा एक विणकर साधारण दोन माग सांभाळी. काही गिरण्यांनी ठरवलं की यापुढे तो तीन सांभाळेल. सूतखात्यातही एका माणसाकडे दुप्पट बाजू देण्याची योजना आली. पगार थोडा वाढवू, असंही सांगितलं.

गणित करा. सहा माग आहेत. आधी तीन विणकर लागत होते, आता दोन पुरतात. एक घरी गेला. उरलेल्या दोघांचं काम दीडपट झालं. पगार दीडपट झाला का? नाही.

वर आणखी एक गोम होती. जपानमध्ये तेव्हा स्वयंचलित माग येत होते. टोयोडा कंपनीने 1924 मध्ये असा माग तयार केला होता, ज्याचा धोटा आपोआप बदलायचा आणि धागा तुटला की माग आपणहून थांबायचा. त्यामुळे एका माणसाला कितीतरी माग बघता येत. मुंबईतले माग मात्र बहुतेक जुनेच होते. धोटा हाताने बदलायचा, तुटलेला धागा हाताने जोडायचा. त्यात कापूस हलका असेल तर धागा सारखा तुटणार. मशीन नवं नाही, सूत नवं नाही, फक्त माणसाला जास्त पळायचं. थोडक्यात, यंत्राने करायचं काम माणसाच्या पायांकडून करून घ्यायचं आणि त्याला आधुनिकीकरण म्हणायचं.

1928 च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. हा संप ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. सतरा मागण्यांची यादी तयार झाली. संयुक्त संप समितीत नेमस्त जोशी आणि तरुण कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे शेजारी शेजारी बसले. दोघांचं राजकारण एकमेकांना पटणारं नव्हतं. पण भुकेल्या चाळीसमोर ते बाजूला ठेवावं लागलं. शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांची चौकशी समिती नेमली गेली आणि गिरण्या सुरू झाल्या.

समितीचा अहवाल मार्च 1929 मध्ये आला. एकाच कामाला सगळ्या गिरण्यांत सारखे दर असावेत, ही कल्पना त्यात मान्य झाली. पण जास्त मागांची योजना काही समितीने सरसकट फेटाळली नाही. म्हणजे कामगार पूर्ण जिंकले असं झालं नाही. त्यानंतर जहाल गिरणी कामगार युनियन झपाट्याने वाढली आणि जोशींची युनियन मागे पडली.

या सगळ्यात जोशींची भूमिका काय होती? त्यांच्या कामाचा कल पाहिला तर ती अशी दिसते. मशीन फोडून टाका, असं ते म्हणत नव्हते. मशीन आलं तर कामाचे तास कमी झाले पाहिजेत, उरलेल्यांचा पगार वाढला पाहिजे, घरी गेलेल्याची काही सोय झाली पाहिजे आणि हे सगळं कामगारांशी बोलून ठरलं पाहिजे. फायदा एकाचा आणि भार दुसऱ्याचा, हे त्यांना मान्य नव्हतं. हे ऐकायला साधं वाटतं. पण या चार गोष्टी एकत्र मागणारा माणूस मालकांना डोईजड वाटतो आणि जहालांना मिळमिळीत.

दोन्हीकडून बोलणी

तसंच झालं. सरकारने व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमलं आणि त्यात जोशींना घेतलं. 1929 च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात आयटकने कमिशनवर बहिष्काराचा ठराव केला. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. ज्या संघटनेला जन्मापासून वाढवलं, तीच सोडून नवी फेडरेशन काढावी लागली. परक्या सरकारच्या समितीत बसणारा माणूस, असा शिक्का त्यांच्यावर बसला. या टीकेत अर्थ नव्हता असं नाही. कमिशनकडून मिळालेलं काम पुढे सरकार कधी करणार, हे सरकारच्याच मर्जीवर होतं.

पण त्या कमिशनच्या 1931 च्या अहवालात एक बीज पडलं होतं. विडी, अभ्रक, लाख, कातडी कमावणं असे जे धंदे विखुरलेले आहेत, जिथे युनियन उभी राहणं कठीण, तिथे किमान वेतन ठरवण्याची यंत्रणा आणता येईल का, याची चौकशी करा, असं त्यात सुचवलं होतं. गिरणीत एका छपराखाली हजारो माणसं असत, ती संप करू शकत होती. विडीच्या अंधाऱ्या खोलीतली बाई कोणाशी भांडणार? तिच्यासाठी कायदाच युनियन व्हायला हवा, हा त्यामागचा विचार.

पुढची पावलं एकेक करत पडली. 1936 मध्ये पगार वेळेवर देण्याचा आणि मनमानी दंड रोखण्याचा कायदा झाला. त्याआधी कामात खोट काढून दंड कापणं ही गिरण्यांत रोजची गोष्ट होती. आता दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा आली. 1939 मध्ये मुंबई प्रांताने दुकानं आणि उपाहारगृहांतल्या नोकरांसाठी कायदा केला. तोवर हॉटेलातल्या पोऱ्याचा दिवस पहाटे सुरू व्हायचा आणि शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत चालायचा. 1942 मध्ये दुकानं, हॉटेलं आणि थिएटरांतल्या नोकरांना आठवड्याची सुटी देण्याचा केंद्राचा कायदा आला. दरम्यान आयटकमधली फूट सांधली गेली आणि जोशी 1940 पासून 1948 पर्यंत पुन्हा तिचे सरचिटणीस होते.

एप्रिल 1946 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, किमान वेतनाचं विधेयक मांडलं गेलं. कायदा 1948 मध्ये झाला. त्याच्या पहिल्या यादीत विडी, अभ्रक, लाख, कातडी हे व्हिटली कमिशनचेच धंदे दिसतात. दुकानं आणि हॉटेलं पुढे राज्यांनी आपापल्या याद्यांत घातली. महाराष्ट्रात ती आहेत. 2019 साली मंजूर झालेल्या वेतन संहितेने तर यादीची भिंतच काढली, किमान वेतन सगळ्याच नोकऱ्यांना लागू केलं.

मग पगार वाढला की नोकरी जाते का?

जोशींच्या काळात हा वाद बहुतेक अनुभवावर चालायचा. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी तो मोजायला घेतला. त्यातला गाजलेला अभ्यास बर्गरच्या दुकानांचाच आहे. एप्रिल 1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते वाढलं नव्हतं. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी दोन्हीकडच्या चारशेहून जास्त फास्ट फूड दुकानांची तुलना केली. वेतन वाढलेल्या बाजूला नोकऱ्या कमी झाल्याचं त्यांना आढळलं नाही. हा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केला असं नाही, त्यावर उलट अभ्यासही आले. पण वेतन वाढलं की नोकरी जाणारच, हे गृहीत धरणं त्यानंतर अवघड झालं. कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं.

असं का होतं? पगार बरा असला की माणूस टिकतो. दर दोन महिन्यांनी नवा मुलगा घ्या, त्याला बिलिंग शिकवा, तोवर तो सोडून जाणार, हा खर्च मालकाच्या वहीत दिसत नाही, पण असतो. काही बोजा चहाच्या किमतीत दोन-पाच रुपयांनी जातो. काही नफ्यातून जातो. आणि हो, काही वेळा खरंच माणूस कमी होतो किंवा मशीन येतं. कॅलिफोर्नियात 1 एप्रिल 2024 पासून मोठ्या फास्ट फूड चेनसाठी तासाला 20 डॉलर किमान वेतन झालं. तिथे ऑर्डर घेणाऱ्या स्क्रीनची जोरात चर्चा झाली आणि नोकऱ्यांवर काय परिणाम झाला यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

आता आपल्याकडे बघा. पुण्यात पगार कॅलिफोर्नियाच्या जवळपासही नाहीत. तरी स्क्रीन आली. कारण ती फक्त पगार वाचवायला आलेली नाही. ऑर्डर चुकत नाही, गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर मिळतो, जास्तीचं चीज घ्या असं ती न विसरता सुचवते. मग पगार कमी ठेवला तर मशीन येणार नाही, हा हिशेब चुकतो. कमी पगारही आणि मशीनही, असं दोन्ही एकत्र होऊ शकतं.

छोट्या हॉटेलवाल्याची बाजूही खोटी नाही. पौड रोडवर नवरा-बायको आणि दोन पोरं मिळून मिसळ विकणाऱ्याला एकदम मोठी वाढ झेपत नाही. त्याला मोठ्या चेनशी स्पर्धा करायची असते. पण इथेच जोशींच्या पिढीने कायद्याचा आग्रह का धरला, ते कळतं. पगाराची तळरेषा कायद्याने सगळ्यांना सारखी असेल तर चांगला पगार देणारा मालक मूर्ख ठरत नाही. नाहीतर जो माणसाला सर्वांत जास्त पिळतो, त्याचाच माल सर्वांत स्वस्त आणि बाकीच्यांना त्याच्या पायरीवर उतरावं लागतं. 1928 मध्ये सगळ्या गिरण्यांत सारखे दर असावेत हा विषय एवढा तापला, तो यामुळेच.

तीन मागांची गोष्टही कॅफेत जशीच्या तशी भेटते. स्क्रीन लागली, काउंटरवरच्या दोघांपैकी एक गेला. उरलेला आता टेबलं पुसतो, ॲपच्या ऑर्डरी पॅक करतो, स्क्रीन अडकली की गिऱ्हाइकाला मदतही करतो. स्क्रीन काही सँडविच बनवत नाही. त्याचा पगार वाढला का, ड्यूटीचे तास कमी झाले का, गेलेल्या मुलाला दुसऱ्या आउटलेटमध्ये घेतलं का? हे विचारलं नाही तर तंत्रज्ञान चांगलं की वाईट, या चर्चेला काही अर्थ उरत नाही.

दोन रस्त्यांच्या मधे

भारताने आयएलओचा 1928 चा किमान वेतन यंत्रणेचा करार 10 जानेवारी 1955 रोजी मान्य केला. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, 30 मे 1955 रोजी जोशी गेले. आजही त्यांच्या नावाचा मोठा मोर्चा निघत नाही, स्टेटसला त्यांचा फोटो कोणी ठेवत नाही. त्यांचं काम कलमांमध्ये आहे आणि कलमं सहसा कोणी वाचत नाही.

लोअर परळला उतरलात तर एकदा दोन्ही बाजूंना बघा. रुळांच्या पूर्वेला ना. म. जोशी मार्ग, पश्चिमेला सेनापती बापट मार्ग. मुळशीच्या जमिनीसाठी लढलेला एका बाजूला, गिरणीच्या पगारासाठी लढलेला दुसऱ्या बाजूला. बापट मार्गावर जिथे फिनिक्स मिल होती, तिथे आज मॉल आहे. मागांच्या जागी आता बिलिंगची यंत्रं आहेत आणि त्यांच्यामागे तुमच्याच वयाची मुलं दिवसभर उभी असतात.

तुम्हीही अशी नोकरी करत असाल तर थोडं काम करा. आपल्या राज्यात किमान वेतन कामाच्या प्रकारानुसार कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असं ठरतं. गाव कोणत्या परिमंडळात येतं यावरही ते अवलंबून असतं, म्हणजे पुणे शहर आणि पौड यांचा दर वेगळा असू शकतो. मूळ दरात महागाईनुसार विशेष भत्ता मिळवला जातो आणि त्याचे नवे आकडे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून लागू होतात. कामगार आयुक्त कार्यालय ते जाहीर करतं. पगाराची पावती मागा, आपली वर्गवारी काय लावली आहे ते बघा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. एवढी वजाबाकी तर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला जमते.